पायाला पस्तीस हजार

"म्हंजे बैल इकताना पाय मोजून इकायचा?" गळवेदादांनी विचारलं. "एका पायाला पस्तीस हजार, आसं चार पायाचं एक लाख चाळीस?"

पुण्याहून आलेल्या परचुरेनं टायची गाठ सैल केली. "पाय नाही सर, कोअर. तुमच्या सर्व्हरच्या आत चार कोअर आहेत. आमच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोअरवर मोजतात."

"आन् तीनच घेतलं तर?"

"नाही घेता येत सर. किमान चार."

"व्हय की, तीन पायाचा कोण घील?" नामा पुजारी म्हणाला आणि सगळ्या बैठकीनं गंभीरपणे माना हलवल्या. परचुरेला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. बिचारा नवीन होता.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या माणगंगा खिलार पैदास संघाचं ऑफिस आटपाडीच्या बाहेर, जुन्या कापूस गोडाऊनच्या एका अंगाला आहे. संघाचं काम एकच: खिलार जनावरांची वंशावळ ठेवायची. कुठल्या वळूची कालवड कुणाच्या गोठ्यात गेली, तिला खोंड झाला की पाडी, त्या खोंडाच्या आज्याचं नाव काय. पूर्वी हे सगळं लाल कापडात बांधलेल्या वह्यांत होतं. मी, विजयमाला लेंगरे, नोकरीला लागले आणि तीन वर्षं खपून नऊ हजार जनावरं कम्प्युटरमध्ये घातली. सात पुरुष आणि मी. माझं टेबल दाराजवळ, म्हणजे बाई असल्याची अडचण कुणाला होऊ नये.

त्या वेळी डेटाबेसचं सॉफ्टवेअर मी फुकटातलं घेतलं होतं. एकाच कंपनीची दोन रूपं असतात: एक फुकट, एक विकत. फुकटात जागा दहाच जीबी, आणि ठरलेल्या वेळेला आपोआप काही करायची सोय नाही. रोजची नक्कल काढून ठेवायची ती माणसानं हातानं काढायची. ती मी रोज साडेपाचला काढत होते. "दहा जीबी म्हणजे आपल्या गोठ्याला दहा वर्षं बघायला नको," असं मी भर बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं.

तिसऱ्याच वर्षी गोठा भरला. खरसुंडीची जनावरांची पौषी यात्रा आठ दिवसांवर आलेली, वंशावळीच्या दाखल्यासाठी लोक रांगेत उभे, आणि कम्प्युटर नवीन खोंड आत घेईना. मग आमचे सेक्रेटरी कोळेकर गुरुजी यांनी मला न विचारता पुण्याला फोन लावला. गुरुजी निवृत्त मास्तर. पेन्सिल कानाला लावल्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे.

आता ती पेन्सिल कानावरून खाली आली. "परचुरे, विकतवालं काय काय करतं ते एकदा सांगा."

परचुरेनं प्रोजेक्टरनं भिंतीवर तक्ता पाडला. डावीकडं फुकट, उजवीकडं विकत. डावीकडं सगळ्या लाल फुल्या, उजवीकडं हिरव्यागार खुणा. "जागेला मर्यादा नाही. वेग जास्त. आणि मुख्य म्हणजे सगळं आपोआप. रोज संध्याकाळी नक्कल आपोआप, महिन्याचा अहवाल आपोआप. माणसानं हात लावायची गरजच नाही."

"माणसानं म्हंजे बाईनं," गुरुजी म्हणाले.

"हो, म्हणजे... कुणीच."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मग एका दावणीला दोघं कशाला? हे घेतलं तर विजयमालाचं काम उरत नाही. नोंदी मी घालीन. मला टायपिंग येतं."

गुरुजी एका बोटानं टाईप करत. त्या एका बोटावर माझं पोट आलं. घरी आई, धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, आणि मला मिळणारे महिन्याचे अकरा हजार. मी दादांकडं बघितलं. गळवेदादा संघाचे अध्यक्ष, सत्तरीचे, धिप्पाड, पटका कधी न सोडणारे. दादांनी नजर खिडकीबाहेर लावली होती.

गोठा कशानं भरलाय ते मला ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते सांगायचं नव्हतं, तसा शब्द दिला होता. आणि ज्यांना दिला होता ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

"आसं तक्त्यावरनं काय कळत न्हाई," नामा पुजारी म्हणाला. "कुठलाबी व्यापारी आपल्या बैलाला हिरवंच म्हणणार. रीतसर परीक्षा घ्या."

रीतसर परीक्षा म्हणजे आमच्याकडं एकच. गुरुजींनी कपाटातून जनावरांच्या प्रदर्शनाची छापील गुणपत्रकं काढली. डोकं, शिंगं, वशिंड, खूर, चाल, शेपूट. प्रत्येकी दहा गुण. सगळ्यांना दोन दोन कागद वाटले, एक फुकटवाल्याचा, एक विकतवाल्याचा. परचुरेलाही एक पेन दिलं.

"सर, हे... हे सॉफ्टवेअर आहे."

"तेच तर तपासतुया. वशिंड म्हंजे काय धरू हेचं?"

परचुरेनं घाम पुसला. "वशिंड म्हणजे... साठवण धरा."

"मग फुकटवाल्याला चार. भरलंय की ते. शिंगं?"

"शिंगं म्हणजे सुरक्षा."

"आन् शेपूट?"

परचुरेनं टाय काढून टेबलावर ठेवला. "शेपूट म्हणजे आमची सेवा. मागून जी येते ती."

"फुकटवाल्याला शेपूटच न्हाई म्हणा की!" कुणीतरी ओरडलं आणि शून्य गुण पडले. चालीची परीक्षा घ्यायला दोन कम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. एकावर माझं फुकटवालं, दुसऱ्यावर परचुरेचं विकतवालं, आत माझीच नक्कल घातलेली. दोघांना एकच काम: नामाच्या पाखऱ्या बैलाची सात पिढ्यांची वंशावळ काढायची. दादांनी रुमाल उडवला. मी आणि परचुरेनं एकदम बटण दाबलं. दोन्हीकडं एकदम वंशावळ आली.

"पुन्ना!" नामा म्हणाला. "माझ्या डोळ्याची पापणी लवली."

पुन्हा पळवलं. पुन्हा बरोबरी. तिसऱ्या वेळी परचुरेच्या कम्प्युटरवर मध्येच अपडेटची चौकट आली आणि विकतवाला बैल मटकन बसला. माझी जनावरं एकटीच रेषेपार गेली. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली, आणि सातही जणांनी माझ्याकडं असं बघितलं की हात आपोआप खाली आले.

एकूण गुण: फुकट एकतीस, विकत सत्तेचाळीस. शेपटीनं घात केला.

"चला, जातिवंत तर हाय," दादा म्हणाले. "आता भाव." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, परचुरेच्या शेजारी सरकले आणि त्याचा उजवा हात उपरण्याखाली धरला.

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांत आकडा फुटू नये म्हणून तो कापडाखाली बोटं दाबून ठरतो. मोठ्या जनावराला एक बोट म्हणजे दहा हजार, चार म्हणजे चाळीस, आणि समोरच्यानं पंजा घट्ट दाबला की सौदा पक्का. पोरासोरांना ठाऊक असतं. परचुरेला ठाऊक नव्हतं. एक सत्तर वर्षांचा माणूस आपला हात उपरण्याखाली धरून बोटं कुरवाळतोय, एवढंच त्याला दिसत होतं. त्याचे कान लाल झाले. दादांनी चार बोटं धरली. परचुरे संस्कारी मुलगा. म्हाताऱ्या माणसानं एवढ्या मायेनं हात धरलाय म्हटल्यावर त्यानं दुसरा हातही उपरण्याखाली घातला, दोन्ही हातांनी दादांचा पंजा घट्ट दाबला आणि वर म्हणाला, "नक्की दादा, नक्की!"

"सौदा झाला!" गुरुजी ओरडले.

"चाळीस हजार!" दादांनी आकडा फोडला.

"किती?" परचुरे उभाच राहिला.

"चाळीस. चारी पायाचं मिळून," दादा म्हणाले. "जबान दिलीस, दोन हातांनी दिलीस. आसला दिलदार व्यापारी बगितला न्हवता बाबा."

नामानं पेढ्यांचा पुडा फोडला. गुरुजी उठून माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ये विजयमाला. जाताना चाव्या माझ्याकडं दे." माझ्या हातावर एक पेढा ठेवला. मी तो खाल्ला नाही.

परचुरे कोपऱ्यात जाऊन साहेबांशी फोनवर बोलत होता. साहेबांचा आवाज मला दाराजवळ ऐकू येत होता. "कुणाचा हात? कुणी दाबला? मुळात हात दिलास कशाला?" असं बरंच काही. फोन ठेवून परचुरे परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"दादा, माझी चूक झाली. हा भाव शक्य नाही."

दादा शांतपणे म्हणाले, "उपरण्याखालचा शब्द या तालुक्यात आजून कुणी मोडल्याला न्हाई. माझ्या बापाला पासट वर्सात कुणी मोडून दावला न्हाई. तू मोडणार म्हंतूस?"

सात मिशा परचुरेकडं वळल्या. पुण्याची गाडी पाच वाजता होती. त्यानं घड्याळ बघितलं, दार बघितलं, दारात मी बसले होते. मग त्याच्या डोक्यात काय आलं देव जाणे, तो एकदम उलटाच फिरला.

"दादा, खरं सांगू? तुम्हाला हे विकतवालं लागतच नाही!"

"आं?"

"फुकटवालं उत्तम आहे! दोन्हींचं इंजिन एकच आहे हो, पळवून बघितलंत ना आत्ताच? नऊ हजार जनावरं म्हणजे काहीच नाही त्याला. मॅडम हातानं नक्कल काढतात ना? बेस्ट! माणसाचं लक्ष राहतं. आपोआपवालं कधी बंद पडतं ते महिनाभर कळत नाही!"

"मगाशी तर त्येला शेपूट न्हाई म्हनालास."

"शेपटीचं काय करायचंय दादा? माशा वारायच्यात?"

मी तोंडावर पदर धरला. गुरुजींनी पेन्सिल पुन्हा कानावरून काढली. "अहो, पण जागा भरली त्याचं काय?"

"तेच तर म्हणतो! नऊ हजार जनावरांनी दहा जीबी भरणं शक्यच नाही. आत दुसरंच काहीतरी बसलंय. थांबा, दाखवतोच." आणि तो माझ्या खुर्चीत बसला.

"नको," मी म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले. "त्याची काही गरज नाही."

पण परचुरेला जीव वाचवायचा होता. त्यानं प्रोजेक्टरची वायर माझ्या कम्प्युटरला जोडली, चार ओळी टाईप केल्या आणि कुठलं जनावर किती जागा खातंय त्याची यादी भिंतीवर आली. सगळ्यात वर एकच नाव होतं. राजा. मालक: बाळकृष्ण गळवे. फोटो: तीन हजार एकशे बारा. जागा: सात जीबी.

खाली उरलेली अख्खी माणदेशातली जनावरं तीन जीबीत दाटीवाटीनं उभी होती.

सगळ्या माना दादांकडं वळल्या. परचुरे मात्र सुटल्याच्या आनंदात एकेक फोटो उघडत सुटला. राजा उभा. राजा बसलेला. राजा रवंथ करताना. राजाचा डावा कान. राजाचा डावा कान, जरा जवळून. राजा पाठमोरा. राजा पाठमोराच, पण शेपूट दुसऱ्या बाजूला.

"दादा," गुरुजी हळूच म्हणाले, "राजाला जाऊन अडीच वर्षं झाली."

दादांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण त्या घडीला शाळेत पकडलेल्या पोरासारखा दिसला. दर गुरुवारी चार वाजता ते "नोंदी तपासायला" येत आणि दार लोटून घेत, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. ते फोटो घेऊन येत हे फक्त मला माहीत होतं. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमधले, लग्नाच्या अल्बममध्ये मागं कुठंतरी राजा दिसतोय असले, यात्रेतल्या फोटोवाल्याकडून शोधून आणलेले. "बारीक करू नगंस माला," म्हणायचे (विजयमालाचं त्यांनी माला केलं होतं), "जसा हाय तसा ठेव. आन् बाहेर न्हाई ठेवायचा, नोंदवहीतच पायजे. वंशावळीत हाय तवर हाय म्हणायचं." मग तासभर बघत बसायचे. "कुणाला सांगू नगंस," एवढंच जाताना म्हणायचे. मी कशी सांगणार होते?

तेवढ्यात नामा पुजाऱ्यानं मान पुढं काढली. "ए पाव्हणं, माझ्या पाखऱ्याचं किती हायत बग रं."

"चार."

"चार?" नामा उठला. "दादाच्या बैलाच्या एका कानाचं ऐंशी आन् माझ्या अख्ख्या बैलाचं चार? दाव बगू." परचुरेनं दाखवले. "आन् ह्यो तिसरा माझा न्हवंच! ह्यो पांढरा ठिपकावाला कुणाचा घुसलाय?"

"ह्यो माझा हौश्या!" मागून आवाज आला. "मी म्हंतो माझ्या बैलाचा एकबी फोटू कसा न्हाई! नामाच्या गोठ्यात बांदलाय व्हय?"

मग जो गोंधळ उडाला तो मला शब्दांत सांगता येत नाही. कुणी खिशातून मोबाईल काढून मला फोटो घ्यायला लावायला लागला, कुणी हजार फोटोंची मागणी केली, गुरुजींना कधी नव्हे ते आपल्या गायीची आठवण झाली. परचुरे तेवढ्यात म्हणाला, "एवढं घालायचं असेल तर मात्र विकतवालंच लागेल," आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

दादांनी टेबलावर पंजा आपटला. सगळे बसले.

"गोठा माझ्या बैलानं खाल्ला," दादा म्हणाले. "आन् तुमी या पोरीला काडाय निघालासा. मी हितं बसून ऐकत हुतो. ती येक शब्द बोलली असती तर माझी अब्रू गेली असती आन् तिची नोकरी ऱ्हायली असती. ती बोलली न्हाई. मला लाज वाटाय पायजे." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग माझ्याकडं बघितलं. "माला, सोड त्याला. बाहेर काड."

मी परचुरेला माझ्या खुर्चीवरून उठवलं. "पुसायचं काही कारण नाही दादा. याच मशीनवर, शेजारी वेगळी दावण घालू, साधं फोल्डर. फोटो तिथं बांधायचे. नोंदवहीत फक्त कुठल्या खुंट्याला बांधलाय ते लिहायचं. मग जागेची मर्यादा लागत नाही."

"बरोबर!" परचुरे ओरडला. "अगदी असंच करतात!"

दादांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. "हाक मारली तर येतुया न्हवं?"

"येतो. दाखवते." मी एक फोटो हलवला, राजाच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि राजा भिंतीवर आला. दादांनी मान डोलावली.

हलवायला पाऊण तास लागला. मशीन एकेक फोटो मोजत होतं आणि सगळे पेढे खात बघत होते. नामानं सत्राशेव्या फोटोला "लई देखणं जनावर हुतं पण," म्हटलं, आणि ते त्याला मनापासून वाटलं होतं. दादांनी परचुरेला जवळ बोलावलं, पुन्हा उपरण्याखाली त्याचा हात धरला आणि नुसताच सोडून दिला. "घे तुझा शब्द परत. पन पुन्ना आमच्याकडं आलास तर हात खिशात ठेव." परचुरे पाचच्या गाडीला पळत गेला. टाय विसरून गेला. तो आम्ही पुढं प्रदर्शनात पहिल्या आलेल्या कालवडीच्या गळ्यात घातला.

शेवटचा फोटो राहिला तेव्हा दादा म्हणाले, "थांब. जनावर दारातनं जातंय तवा दावं आपण ठेवून घेतो. दावं देत न्हाईत कुणाला. येक आत ऱ्हाऊ दे."

कुठला ते त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होता. भर दुपारी राजा गोठ्यात बसलाय आणि त्याच्या पोटाला डोकं टेकून दादा गाढ झोपलेत. पटका सुटलाय. दादांचा पटका सुटलेला दुसरा फोटो माझ्या बघण्यात नाही. तो मी आत ठेवला.

माझी नोकरी राहिली. पुढं पगारही वाढला आणि गुरुजींनी चाव्या पुन्हा कधी मागितल्या नाहीत. बहीण आता मिरजेला हेडनर्स आहे. आम्ही अजून फुकटवालंच वापरतो, बारा हजार जनावरं आहेत आणि दहातले साडेतीन जीबी भरलेत. शेजारच्या दावणीत मात्र फोटो मावेनात, दर दोन वर्षांनी नवीन डिस्क आणावी लागते. एकट्या नामाच्या पाखऱ्याचे पाच हजार झालेत.

दादा चार वर्षांपूर्वी गेले. गेल्या गुरुवारी संघाचे नवीन अध्यक्ष, कृषी पदवीधर, माझ्या मागं उभे राहून डेटाबेस बघत होते. हुशार पोरगं आहे, वाकून माऊस धरला आणि लगेच बोट ठेवलं. "मॅडम, सगळे फोटो बाहेर आहेत. मग हा एकच आत कसा राहिला? चुकून राहिला असेल. काढून टाका."

"चुकून नाही," मी म्हणाले. "दावं आहे ते."

तो माणदेशातलाच. त्यानं फोटोकडं बघितलं, झोपलेल्या दादांकडं बघितलं, आणि माऊसवरचा हात काढून घेतला.